भिंतीपलीकडचं रशियन गाणं

तुम्ही हसाल, पण आमच्या आईने कतारला, दोहा शहरात शिव्यांचं रशियन गाणं पाठ केलं होतं.

ती वसईहून तीन महिने तिथल्या अल अझीझिया भागात आमच्याकडे आली होती. एका शुक्रवारी दुपारी ओट्यापाशी सुरमई साफ करत ती गात होती, तेवढ्यात शेजारची रशियन लेना तिचं पार्सल न्यायला आली. ती दारातच पांढरीफटक पडली.

"हे गाणं हिला कोणी शिकवलं?" तिने मला इंग्रजीत विचारलं.

मला काय माहीत! लेना म्हणाली, हे त्यांच्याकडच्या, स्टेजवरून सरकारला शिव्या घालणाऱ्या एका रॉक बँडचं गाणं. तिकडची तरुण पोरं ते म्हणत मोर्चात जायची. तिचा मुलगाही जायचा. पोलिसांनी त्याला नेलं, आणि तो तुरुंगातच वारला.

"दुसऱ्या ओळीतला एक शब्द तो नेहमी चुकायचा," ती म्हणाली. "तुझी आई तोच चुकतेय."

मी आईला विचारलं. हात धूत ती म्हणाली, "अरे, हिच्याच घरातून येतं की! रोज दुपारी कोणीतरी पुरुष गातो. ऐकून ऐकून तोंडात बसलं."

लेना एकटी राहायची. ते गाणं तिने इथे एकदाही लावलं नव्हतं.

मला वाटलं, आता ही घाबरून पळणार. तिने एवढंच विचारलं, "कुठली भिंत?"

आईने दाखवली. लेनाने भिंतीला कान लावला आणि आम्हाला गप्प राहायची खूण केली.

मला काहीच ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळाने आई आणि लेना एकाच ठेक्यात मान डोलवायला लागल्या.