मार्करचा फटका

नाही भाऊ, कोपर तसं धरू नका — म्हणजे धरा, तुमची मर्जी, पण सांगतो. बिलियर्डमध्ये एकाचा हात दुसऱ्याला लागत नाही. जज्जसाहेब होते ना, त्यांचं कोपर खुंटीला टांगल्यासारखं, नुसता खालचा हात हलायचा. मिलचे साहेब काठी मागे नेऊन थांबायचे — चेंडूशी बोलतायत की काय — आणि मग मारायचे. आपले डिगंबर वकील खांद्यातून काठी अशी वाकडी फिरवतात, पाहवत नाही, पण चेंडू जाळीत. तिघांचे तीन हात, तिन्ही पक्के. मी हुबेहूब करून दाखवतो. एकवीस वर्षं या क्लबात मार्कर आहे — गुण सांगायचे, काठ्या पुसायच्या, जोडीदार आला नाही की साहेबाबरोबर खेळायचं.

माझा हात कसा? तो नका विचारू. बरं, विचारलंतच — गेल्या दिवाळीला सामने गावातल्या लोकांना खुले झाले, माझंही नाव घातलं. भडगावहून थोरला भाऊ सुपडू आला, पाचोऱ्यापर्यंत बैलगाडी, पुढं जळगावची रेल्वे, अंगात नवा सदरा — आपला निंबा जिंकणार म्हणून. समोर कोण, तर अभयकुमार, दलिचंद शेटजींचा मुलगा, काठी धरून दोन वर्षं झालेला. शंभरचा डाव, मी अठ्ठ्याण्णव, तो एकाहत्तर. लाल चेंडू जाळीच्या तोंडाशी, फुंकरीनं पडेल असा. वाकलो — आणि मनगट सैल पडलं. आपोआप. चेंडू काठाला लागून परत आला. पुढच्या पाळीला तेच, त्याच्या पुढच्याही. डाव त्यानं नेला.

का म्हणजे? एकवीस वर्षं, भाऊ — साहेबाला हरवायचं नाही, आणि फार हरायचंही नाही, त्याला कळतं. दोन-तीन गुणांनी हरायचं. शेवटचा चेंडू असा चुकवायचा की साहेबाला वाटावं, बिचाऱ्याचं नशीब. हे कुणी शिकवलं नाही मला. बाकी सगळे हात दुसऱ्यांचे, तेवढा एक फटका माझा.

सुपडू न जेवता गेला. लोक म्हणाले, शेटजींचे पैसे खाल्ले. घरी आलो तर बायको, धुरपदा, तिनंही विचारलं, "पैसा खादा का?" मी — मी हो म्हटलं. लाज वाटते भाऊ, पण हो म्हटलं. पैसे खाणाऱ्याला जिंकता तरी येत होतं, असा अर्थ होतो ना.

सुपडूलाही तसंच कळलंय. राहू द्या. तुम्ही भडगावकडचे नाही ना? मग ठेवा ती काठी, मला टेबल झाकायचंय.