बाकीचं मला विचारा

मामी : कागदांचा क्रम मोडलास ना? निदान मला विचारायचंस तरी.

भाची : मोडायला क्रम होता कुठे, मामी? मामाच्या खेळाच्या या नियमांत घोड्यांच्या प्रकरणात बुडणाऱ्या माणसाचा नियम आहे. इथे कोण शोधायला येणार?

मामी : अगं, त्या रविवारी घोडाच नदीत पडला होता. दर रविवारी खेळायला यायचे ना, ते बँकवाले बसले होते त्याच्यावर. खेळातल्या घोड्यावर, खरोखरच्या नव्हे. मग बुडताना किती फासे टाकायचे यावरून जुंपली. तुझ्या मामांनी नियम टाइप केला तो घोड्यांच्याच कागदाखाली.

भाची : आणि शिंकेचा नियम जादूत?

मामी : वकिलांना सर्दी झाली होती. मंत्र म्हणता म्हणता असे शिंकले, की टेबलावरची सगळी प्यादी उडाली. हे म्हणाले, मंत्र फुकट गेला. वकील म्हणाले, कुठल्या कलमाखाली? झालं, ह्यांनी कलम तयार केलं!

भाची : हे तुला माहीत आहे, म्हणून तुला सापडतं. माझ्या छापखान्यातल्या मंडळींना खेळून बघायला दिलं होतं ना मी...

मामी : हो, काय म्हणाले गं ते? केव्हाची टाळते आहेस सांगायचं.

भाची : खेळ म्हणजे काय, हे आधी मलाच सांगावं लागलं. एकजण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आपण काय करणार ते बोलतात, अडलं की फासा टाकतात. एवढं साधं मामानं कुठेच लिहिलेलं नाही. मग एकाला लढाईत जखम झाली. पुढे काय करायचं? तलवारींत नाही, वैद्यात नाही. शेवटी सापडलं कुठे, तर धर्मशाळेच्या भाड्यात. तोवर एकीनं मोबाइल काढला होता. मग सगळ्यांनीच काढले.

मामी : नावं ठेवली का?

भाची : ठेवली असती तर परवडलं असतं. छान आहे म्हणाले, आणि कागद नीट जुळवून परत दिले.

मामी : नीट जुळवून.

भाची : म्हणून म्हणते, पुस्तक छापायच्या आधी मला मांडू दे. आधी खेळ काय आहे ते. मग आपलं पात्र कसं तयार करायचं. मग फासे. लढाई सगळी एका जागी, तिच्या लगेच पुढे जखमा. तक्ते मागे, आणि शेवटी सूची. ‘बुडणे’ शोधलं की पान मिळालं पाहिजे, घोडा आठवायला लागता कामा नये.

मामी : होईल, छान चकचकीत होईल. पण मी आत्ता वाचते ना, तर एकामागून एक रविवार येतात. घोड्याचा, शिंकेचा, दिवे गेले होते त्याचा. तू सगळं कापून खणाखणांत भरणार. त्यात हे कुठे राहतील?

भाची : कळतं गं मला. पण याहून मोठी अडचण आहे. हे बघ. ‘भूत दिसल्यास पळता येते. किती लांब, ते मला विचारा.’ हे बघ. ‘कुलूप तोडताना आवाज होतो. कोणाला ऐकू जातो, ते मला विचारा.’ प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काय, तर ‘बाकीचं मला विचारा’!

मामी : असंच बोलायचे.

भाची : बोलायचा तसंच लिहिलं. आणि तेव्हा चालून गेलं, कारण समोर बसलेला असायचा. टेबलावरची सूची म्हणजे मामाच होता. आता...

मामी : बोल ना. आता विचारायचं कोणाला? मीही तेच म्हणत असते. विम्याचे कागद कुठे, मला विचार. पाण्याची मुख्य चावी कुठे, मला विचार. अख्खं घर असंच लावून ठेवलं होतं ह्यांनी.

भाची : सापडली का मग चावी?

मामी : प्लंबरला सापडली. मागच्या पायरीखाली. मी बादल्या घेऊन उभी.

भाची : वकिलांना फोन करून विचारायचे का हे नियम?

मामी : ते लेकीकडे गेले राहायला. फोनवर ऐकू येत नाही त्यांना. मी विचारते, बुडताना किती फासे, तर म्हणतात, तब्येत बरी आहे. बँकवाले येतात अधूनमधून, पण दारातूनच. बसा म्हटलं की म्हणतात, उशीर होतोय. रिटायर माणसाला कसला आलाय उशीर! या टेबलाकडे बघवत नाही त्यांना.

भाची : मी गेले होते त्यांच्याकडे.

मामी : तू? मला बोलली नाहीस.

भाची : मध्येच थांबायचे, चष्मा पुसायचे, पण बहुतेक सगळं सांगितलं त्यांनी. भूत, कुलूप, सगळं. एकच जागा अडली. ती त्यांनाही येत नाही. प्रवासाच्या प्रकरणात, अगदी तळाला. ‘ज्याला यायचे नसेल त्याने दुकानात थांबावे. त्याचे पुढे काय होते, ते मला विचारा.’ हे कुठलं दुकान, मामी?

मामी : परत वाच.

भाची : ‘ज्याला यायचे नसेल त्याने दुकानात थांबावे. त्याचे पुढे काय होते, ते मला विचारा.’

मामी : हे लिहिलंय होय ह्यांनी! अगं, माझं दुकान ते. एकदाच बसले होते मी खेळायला. सगळे झाले योद्धे नि जादूगार, मी म्हटलं मी दुकान घालते. गावाच्या वेशीवर, दोर, मेणबत्त्या, असलं काही. आणि मग सगळे निघाले राक्षस मारायला. मी म्हटलं, मी नाही येत, दुकान कोण बघणार?

भाची : मामी!

मामी : बँकवाले म्हणाले, वहिनी, राक्षस मारला नाही तर गावच उरणार नाही. मी म्हटलं, मग दोर घेऊन जा. हे इतके हसले, की फासे खाली पडले.

भाची : मग?

मामी : मग ते गेले जंगलात. मी बसून राहिले, पण माझ्यावर काही डाव येईना. उठले, दोरीवरचे कपडे काढले. पुन्हा कधी बसले नाही. हे विचारायचे दर रविवारी, काय दुकानदारबाई, येता का? मी म्हणायचे, तुमचं चालू द्या.

भाची : काय उत्तर असेल गं त्याच्या मनात?

मामी : काय माहीत! बघायचं पुढे, असंच असेल. ह्यांचं निम्मं तसंच असायचं.

भाची : हे एक वाक्य ठेवू का तसंच? एवढं एकच?

मामी : नको. वाचणारा विचारायला आला तर इथे मी असेन. मी काय सांगू त्याला? काढ सगळी. जखमा लढाईच्या पुढे आण, सूची कर. परक्या माणसानं असं कागद जुळवून परत द्यायला नको.

भाची : नक्की?

मामी : नक्की. हो म्हणतेय तोवर घे.

भाची : मग दुकानाचं काय लिहू? काहीतरी ठरवावंच लागेल, आणि ते तुझ्याशिवाय कोण ठरवणार?

मामी : मी? ह्यांच्या खेळातलं? ...बरं, घे लिहून. मागे राहिलेल्यानं सकाळी दुकान उघडावं. एक फासा टाकावा. एक पडला तर कोणी आलं नाही. दोन पडले तरी कोणी आलं नाही. तीन, चार, पाच, तेच.

भाची : आणि सहा?

मामी : सहा पडले तर कोणीतरी येतं. जंगलात गेलेल्यांपैकीच असेल असं नाही. दोर घ्यायला, नाहीतर नुसता रस्ता विचारायला. त्याला बसायला स्टूल द्यावं. आणि हे ठळक छाप. गेलेले परतले नसले तरी दुकानातल्याचा डाव चुकवू नये. सूत्रधारानं दर फेरीला तिकडे वळून विचारावं, दुकानात काय चाललंय?

भाची : लिहिलं. पण घालू कुठे? प्रवासात बसत नाही, तो प्रवासाला जातच नाही. लढाईतही नाही.

मामी : ते तुझं तू बघ. मांडणी तुझी.

भाची : वेगळं प्रकरण करावं लागेल. आणि प्रकरण नव्या पानावर येतं. एवढ्याशा मजकुराला अर्ध्याहून जास्त पान रिकामं राहील, मामी.

मामी : राहू दे. सवय होते.