पोह्यांवरची सेव

नशामुक्ती केंद्राच्या व्हरांड्यात संहिता भावाला भेटायला नंबर लावून बसली होती. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको होते. मुलासाठी आणलेला डबा बायकोच्या मांडीवर होता आणि नवऱ्याच्या हातात पेपर.

“गांजा लीगल करा म्हणतात! अक्कल गहाण ठेवलीय लोकांनी.”

“आणि शिवरात्रीला तुम्ही भांग घेता, ती चालते?”

“तो प्रसाद असतो. शिवाय भांगेचा ठेका सरकारी आहे.”

“म्हणजे सरकारनं दुकान काढलं की झालं?”

“असं कुठं बोललो मी? खुलेआम विकायला लागले, तर गल्लीगल्लीत पोरं बिगडतील.”

“आपला तर बंदी असतानाच बिगडला ना.”

“मग तुझं काय म्हणणं, सगळं खुलं करा?”

“मला नाही कळत त्यातलं. मानस दोन साल आपल्यापासून छुपवत राहिला, एवढं कळतं.”

“पोलिसांची भीती असते पोरांना.”

“पोलिसांची नव्हती हो. इथं आल्यावर त्यानंच सांगितलं मला. तुमची होती.”

संहितानं उगाचच मोबाईल काढून हातात धरला.

आतून गार्डनं आवाज दिला, “मानस के घर से कौन है? एक ही जन आना, भिया.”

“जा तू.”

“दर वेळी मीच जाते. आज तुम्ही जा.”

“मी काय बोलू त्याच्याशी?”

“डब्यात पोहे आहेत. सेव वेगळी बांधलीय, नरम पडू नये म्हणून. ती तुमच्या हातानं टाका वरून. तेवढ्यात बोलेल तो.”