चुड्याच्या दिवशी मंदाकिनीनं विचारलं

"लग्नघरात असं तोंड? जणू हिचंच काहीतरी कुणी पळवलंय!" पोरींच्या आत्याबाई पुटपुटल्या. इतरांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू, आणि जिच्यासाठी होतं तिला ऐकू जाईल एवढ्या जोरात! मंडळी, ही कला आपल्याकडे घरोघरी.

ऐका! प्रश्न साधा आहे. एक आई, एक घर, दोन मुली. एक फुलते, दुसरी मिटत जाते. दोष कुणाचा?

आटपाडीकडच्या मंदाकिनीच्या थोरल्या पल्लवीचं लग्न. चुडा भरायला जनाबाई कासारीण आलेली. धाकटी ऋतुजा, वय सतरा, लातूरच्या क्लासमधून दोन दिवसांसाठी आलेली. पल्लवीला रागवा, पाच मिनिटांत पोह्यांवर खोबरं मागेल! ऋतुजा तशी नाही. शाळेत बाई शेजारी बसलेल्या मुलीला ओरडल्या, तरी ही घरी येऊन जेवायची नाही. जन्मतःच हळवी. वाईट आहे का ते? नाही हो! पण अशा पोरीला आपण ठेवलं कुठं? जिथं दर रविवारी परीक्षा, आणि सोमवारी भिंतीवर नावांची यादी! नाव घसरलं की बापाचा फोन, "लक्ष कुठंय तुझं?"

जनाबाईनं ऋतुजाचा हात धरला आणि थबकली. "मंदाताई, श्रावणात हिला अडीचच्या मापाच्या बांगड्या बसल्या होत्या. आता नुसत्या निसटतायत!"

"अभ्यासाची जागरणं," आत्याबाईंनी परस्पर मिटवलं.

जनाबाईनं लहान मापाच्या काढल्या. तिसरी भरताना, कट्! काच रुतली.

"वाढली म्हणा, वाढली!" बायका ओरडल्या. फुटली म्हणायचं नाही ना आपण! पोरीच्या हाताला रक्त, आणि काळजी कसली, तर शब्दाची!

ऋतुजा? साधं "स्स" नाही. हात जणू दुसऱ्याच कुणाचा.

जनाबाईनं पदर दाबून धरला. "तीस वर्षं हात धरतेय मी. कुणाचा मऊ, कुणाचा ताठ. सगळ्यांना एकाच जोरानं भरून चालत नाही. पण दुखलं की माणूस ओरडतं. ही का ओरडत नाही?"

 पोर आतून मिटतेय, हे मंदाकिनीला माहीत होतं हो! दिवाळीपासून. फोनवर पोर "बरी आहे" म्हणायची, आणि ही घाईनं फोन ठेवायची. न जाणो, पुढं आणखी काही बोलली तर?

"नजर काढा," आत्याबाई म्हणाल्या. "लग्न उरकू दे, मग बघू."

मग बघू! मंडळी, हसू नका. तुमच्या घरात दार लावून बसलेलं, अर्ध्या ताटावरून उठलेलं पोर आहे ना? तुम्ही काय म्हणता? "वयच तसं!" विचारलं तर नको ते डोक्यात शिरेल, ही भीती. अहो, ते शिरलेलं असेल तर आधीच शिरलंय! आपण विचारत नाही, म्हणून पोर त्याच्यासोबत एकटं बसलंय.

मंदाकिनी पोरीसमोर जमिनीवर बसली.

"ऋतू, बाळा... तुला जगणं नको झालंय का गं?"

"वहिनी! अहो, आजच्या दिवशी—"

"वन्सं, गप्प बसा!" आयुष्यात पहिल्यांदा. दारात नवरा येऊन उभा राहिलेला. त्याच्याकडेही तिनं बघितलं नाही. "लग्न माझ्यावाचून अडलं तर अडू दे. हिला घेऊन मी आत्ता डॉक्टरकडे निघाले. सांग बाळा, मी ऐकतेय."

ऋतुजानं मान वर केली.

"हो, आई. रोज सकाळी... जाग आली की."