उताराला घर

मुरूमच्या स्टँडवर अर्पिता बसची वाट बघत गाणी ऐकत होती. शेजारच्या बाकावर एक म्हातारी सारखी उठबस करत होती, तिची भाची तिला पुन्हा पुन्हा खाली बसवत होती.

"बस कवा येणार गं, शिवकन्या?"

"येईल की, मावशी. घरी कोण वाट बघायलंय तुमची?"

"कोण बघणार! गल्लीत शोषखड्डे झाल्यापासनं शेजारची मथुराबाई सुदिक येईना."

"ती तर रोज भांडायला यायची."

"व्हय. तिचं घर उताराला. माझ्या मोरीचं पाणी तिच्या दारात जायचं. भांडून घसा सुकला की चहा पिऊनच उठायची."

"आता पाणी खड्ड्यात मुरतंय. डास गेले, बरंच झालं."

"डास गेले, अन् ती बी गेली. म्हणून परवा म्या खड्ड्याच्या पायपात बोळा कोंबला."

अर्पितानं कानातली वायर काढली.

"अगं बाई, मावशी!"

"पाणी गेलं तिच्या दारात. आली तरातरा. बोळा उपसला. माझ्याच जुन्या लुगड्याचा, लगीच वळखला तिनं."

"लई बोलली असंल."

"एक शबुद न्हाय. बोळा घेऊन गेली. अन् आज सकाळी बघते, तर माझ्या दारात तिच्या मोरीचं पाणी!"

"चढावर? कसं काय?"

"बादलीनं आणून वतलं की! म्या दवाखान्याच्या गडबडीत, तसंच वलांडून आले."

"मग आता?"

"सकाळधरनं दारात बसली असंल बिचारी, म्या कवा भांडायला येते म्हणून. बघ की गं, बस आली का."