सात वाजताचं 'समजा'

अहो, सकाळी सात वाजता कुणी विचारतं का, 'समजा, समुद्राला एक दिवस सुट्टी दिली, तर तो जाईल कुठं?' ...विचारतं! म्हसळ्याचा बाळाजी विचारायचा! आणि आमचा दादू, मुरुडला चार खोल्यांचं लॉज चालवणारा, गिऱ्हाइकाचा चहा उतू घालवून त्याला उत्तर लिहीत बसायचा. समजा म्हणे!

तुम्हाला सांगतो, हे दोघं जन्मात कधी भेटले नाहीत. ओळख सगळी मोबाईलवरच्या छंदांच्या ग्रुपात. दादूचा छंद काय, तर किनाऱ्याला वाहून आलेल्या चपला गोळा करायच्या... एकेकट्या! सव्वीस झाल्या, त्यातल्या एकवीस डाव्या. बायको सगुणा म्हणायची, 'जोडी लागंल तवा दाखवा मला!' पनवेलची पूनम ढगांचे फोटो टाकायची. आणि बाळाजीचा छंद हाच, रोज सातला एक 'समजा'. समजा, माशांना आपला वास येत असेल तर?

मग एकदा त्यानं विचारलं, 'समजा, माझ्या पिंडाला कावळा शिवलाच न्हाय, तर तुमच्यातलं कोण येईल?' पूनमनं ढग पाठवला. दादूनं लिहिलं, 'मी येतो की, आधी तारीख कळव!' आणि पुढं हसून हसून रडणारी तीन तोंडं. दुसऱ्या दिवशी सात वाजले... काही नाही. तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी त्याच नंबरावरून बाळाजीच्या मुलीनं, शिवानीनं कळवलं, बाबा झोपेतच गेले. दादू ती तीन तोंडं खोडायला गेला, तर मुदत संपलेली... खोडता येईनात हो!

दहाव्याला शिवानीचा व्हिडिओ कॉल. नदीकाठ, पानावर पिंड, झाडावर हे एवढे कावळे, आणि दोन तास झाले, एक शिवेल तर शपथ! तिचे काका म्हणतायत, 'पोरीचं लग्न लावून देऊ'... ढिम्म. 'आंब्याची कलमं राखू'... ढिम्म! शिवानी रडत म्हणाली, 'दादूकाका, तुम्ही येतो म्हटलेलंत. बाबांनी मला वाचून दाखवलं होतं. खूप हसले होते.'

दादूच्या अंगात बनियन, हातात डावी चप्पल, ती टाकून मोबाईलसमोर हात जोडले. 'बाळाजी, चुकलं माझं. तुझं समजा मी चालवीन. आठवड्यातून एकदा.' कावळा उडी मारून मागं सरला! 'बरं बरं, दिवसाआड!' कावळ्यानं मान फिरवली. 'रोज रे बाबा, रोज सातला!' ...आणि शिवला!

तेव्हापासून दादू रोज विचारतो. एका रविवारी कंटाळा केला, तर सात वाजून पाच मिनिटांनी लॉजच्या कठड्यावर कावळा. ओरडत नव्हता, नुसता बघत होता. आणि मेसेज कुणी वाचला ते बघावं, तर रोज पहिलं नाव बाळाजी! शिवानी शपथेवर सांगते, फोन बंद करून कपाटात ठेवलाय. दादूला भीती वाटते, आणि खरं सांगू, ते नाव दिसायला उशीर झाला तर जास्त भीती वाटते. समजा म्हणे!

परवा न राहवून त्यानं विचारलं, 'समजा, माझ्या वेळी कावळा अडला, तर कोण येईल?'

पूनमचं लगेच उत्तर. 'मी येते ना, दादूकाका!' आणि पुढं हसून हसून रडणारी तीन तोंडं.

झालं! लागली बिचारीची ड्यूटी...