भाऊबीजेचा अंगठा

परत नको लावू तो बीपीचा पट्टा, नेत्रा – एकशे नव्वद म्हणजे एकशे नव्वदच, मशीन काय खोटं बोलतंय? मागच्या महिन्यापर्यंत एकशे तीसच्या वर नव्हतं गेलं, तूच विचारायचीस ना, अंजनीआजी, एकोणऐंशीव्या वर्षी खाता तरी काय? राग खात होते, पोरी. हस, हस. तुमच्या शिबिरात तो डॉक्टर सांगत होता, राग सोडा, रागानं मेंदू झिजतो, साधा खोकलासुद्धा लवकर धरतो – मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते मी. म्हटलं, ह्याला माझा भाऊ कुठं भेटलाय?

जनू. धाकटा माझा. मांजर्लीत आईचं भाताचं शेत, त्यात माझाही वाटा. भाऊबीजेला ओवाळलं त्याला, कुंकू अजून अंगठ्यावर तसंच – तर म्हणाला, बाय, विजेच्या मीटरचा कागद आहे, अंगठा दे. शाळा कुठली मला? कुंकू पदराला पुसलं नि दिला. हक्कसोडपत्र निघालं ते! अगं, तोंडानं मागितलं असतं तरी सोडला असता हक्क, सगळ्याच बहिणी सोडतात – फसवलं कशाला? तेव्हाच ठरवलं, ह्याच्या तोंडून ‘चुकलं’ ऐकल्याशिवाय मरायचं नाही. बत्तीस वर्षं! कोरोनात अख्खी चाळ आडवी झाली, मी उभी. कशाच्या जोरावर? ह्या रागाच्याच.

आणि तोच विसरायला लागला. डोक्याचा आजार. मला बघितलं की टाळ्या पिटायचा – बाय आली, आज भाऊबीज का? सुटलाच की! असा कसा सुटेल? मग रोज दुपारी जायला लागले, आमच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या त्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या माळ्यावर. शेजारी बसून सांगायचे, अंगठा घेतलास माझा, जनू. रोज रडायचा, रोज विसरायचा. वर त्याची सून म्हणते, आत्या, तुम्ही यायला लागल्यापासून बाबा किती बोलतात! घे. मी गेले सूड घ्यायला, नि तब्येत सुधारली त्याची.

मंगळवारी मात्र मी तोंड उघडायच्या आधीच अंगठा पुढे केला त्यानं. म्हणाला, बाय, मीटरचा नव्हता कागद. चुकलं माझं.

मी? मी काय म्हणणार – नाही, तुला कशाला सांगू – म्हटलं, कसला कागद, जनू? असं काही झालंच नाही. डोकं फिरलंय तुझं.

बघ ना, एवढी एकच खरी गोष्ट सापडली होती त्याला, तीही मी खोटी पाडली. अंगठा मागे घेतला त्यानं. मग म्हणाला, तू सांगतेस म्हणजे नसेलच झालं.

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. आज सकाळी गेले, हात धरला, म्हटलं, खरं होतं रे सगळं, तुझं बरोबर होतं – तर हसला. रात्री काय जेवला ते आठवत नाही मेल्याला, आणि हे आठवलं. म्हणतो, नाही गं बाय, तूच म्हणालीस ना, असं काही झालंच नाही.

मोकळा झाला तो. मीच केला.

गोळी ठेव तिथं. आणि ऊठ आता, पलीकडच्या खोलीतली पुतळाबाई खोळंबलीय तुझ्यासाठी.